शंकेची पाल

गौरी-गणपति आटोपले आणि आम्ही चार दिवस दुसरबीड येथें थोरल्या बंधूंकडे राहावयास गेलों. दुसरबीड हें बुलढाणा जिल्ह्याच्या सिंदखेडराजा तालुक्यांतील गांव. जिजाऊसाहेबांचें जन्मस्थान एका अंगास आणि लोणारचें प्रसिद्ध सरोवर दुसऱ्या अंगास, अशा मधल्या मुलखांत तें वसलें आहे. बंधूंचें घर जुनें, मातीच्या जाड भिंतींचें; ओसरीवर चुन्याचा हात फिरून बरींच वर्षें लोटलेलीं. पाऊस नुकताच उघडला होता. सभोंवार कपाशी आणि सोयाबीन उभें होतें, आणि दिवेलागण झाली कीं दारावरच्या विजेच्या दिव्याभोंवतीं पतंग, तुडतुडे व चिलटें यांचा नुसता मेळा भरे. त्या मेळ्याच्या कडेला, भिंतीशीं अंग चिकटवून, दोन पाली रोज न चुकतां हजर असत.

आमची पुतणी दुसऱ्या दिवशीं पहाटेच्या एस. टी. नें जालन्यास परीक्षेस जावयाची होती. त्या परीक्षेसाठीं तिनें वर्षभर जागरणें केलीं होतीं. सायंकाळीं ती ओसरीवर पिशवी भरीत असतां वरून पट्‌कन् कांहींतरी तिच्या उजव्या खांद्यावर पडलें, आणि क्षणांत खालीं उतरून भिंतीच्या फटींत नाहींसें झालें. पालच ती! पोरगी किंचाळली आणि मग आपल्याच भित्रेपणाला हंसली; पण मातोश्री हंसल्या नाहींत. त्यांनीं देवघरांतून पंचांग आणविलें आणि पल्लीपतनाचें पान काढावयास सांगितलें. पुरुषांस उजवें अंग शुभ आणि स्त्रियांस डावें, हा त्यांतला सर्वसाधारण दंडक वाचकांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. मुलीचा खांदा उजवा. तेव्हां फळ वाचून पाहण्याचीहि गरज उरली नाहीं.

मातोश्री एवढेंच म्हणाल्या, "बाई, आंघोळ कर, देवापुढें दिवा लाव, आणि उद्यांचें जाणें राहूं दे. परीक्षा काय, पुढच्या वर्षीं पुन्हां येईल."

पुतणीनें आमच्याकडे पाहिलें. "काका, माझा उजवा खांदा कोणता, हें त्या पालीला ठाऊक होतें का हो?"

प्रश्न थट्टेचा खरा. पण त्या थट्टेच्या टोंकाला पोरीचें एक वर्ष लोंबकळत होतें. म्हणून आम्हीं त्याचें उत्तर ओसरीवरच शोधावयाचें ठरविलें. तिच्या ओढणीवर रुपयाएवढा चुन्याचा एक पोपडा अडकून राहिला होता. आणि वर पाहावें, तों दिव्याच्या अगदीं शेजारीं भिंतीला तेवढाच ताजा उघडा डाग दिसत होता. म्हणजे साक्षीदार दोन मिळाले, एक दिवा आणि दुसरा पोपडा. या दोघांचे जबाब घेतां घेतां आम्ही त्या रात्रीं मातोश्रींसह थेट हिंदी महासागरांतील एका चिमुकल्या बेटापर्यंत जाऊन आलों. तोच प्रवास या महिन्याच्या सदरांत वाचकांसमोर ठेवीत आहों.

आधीं पालीच्या पायांविषयीं. पालीचें पाऊल भिंगाखालीं पाहण्यासारखें असतें. प्रत्येक बोटाच्या तळाशीं आडव्या पडद्यांची एक लहानशी शिडी असते. आपल्या घरांत राहणाऱ्या पालींच्या गणास शास्त्रांत 'हेमिडॅक्टिलस', म्हणजे 'अर्धांगुल', असें नांव आहे. बोटाच्या अलीकडच्या भागास रुंद गादी आणि पलीकडे बारीक मोकळी नखी, अशी ही अर्ध्याची वांटणी. या पडद्यांवर नुसत्या डोळ्यांस न दिसणारे केस असतात. टोके या नांवाच्या मोठ्या पालीच्या एकेका पावलावर असे सुमारे ५ लक्ष केस असतात, आणि प्रत्येक केस टोंकाशीं पुन्हां शेंकडों अतिसूक्ष्म उलथन्यांत विभागलेला असतो. २००० सालीं केलर ऑटम व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अशा एकट्या केसाची पकड मोजली. पुढें २००२ सालीं त्यांनीं दाखविलें कीं, या पकडींत डिंक नाहीं कीं चोखण नाहीं. दोन पदार्थ अत्यंत निकट आले असतां त्यांच्या कणांत जें सूक्ष्म आकर्षण उत्पन्न होतें, आणि ज्यास व्हान डर वाल्स या डच शास्त्रज्ञाचें नांव दिलेलें आहे, तेंच लाखों केसांच्या बेरजेनें पालीस आढ्याला उलटें धरून ठेवतें.

मग इतकी पक्की पकड असतां पाल पडते कां? कधीं पतंगावर झेप घेतांना तिचा अंदाज चुकतो, कधीं दोन नरांची झटापट होते. पण जुन्या घरांत आणखीहि एक कारण असतें. पालीचे केस भिंतीच्या वरच्या कातडीला धरतात, तिच्या गाभ्याला नव्हे. चुना सुटलेला असला कीं पाय भिंतीला नव्हे, पोपड्याला चिकटतो. आणि पोपडा निघाला कीं पाल त्याच्यासह खालीं येते. त्या दिवशीं नेमकें हेंच घडलें होतें. पुतणी पिशवी भरण्यास उजेडाखालीं बसली, पाल शिकारीस उजेडाजवळ आली, आणि मध्यें चुना दगा देऊन गेला.

मातोश्रींनीं पोपडा हातांत घेऊन उलटसुलट पाहिला. "तें असूं दे," त्या म्हणाल्या. "पण पाल विषारी ती विषारीच."

हीहि शंका घरोघरची आहे, म्हणून तिचा निकाल येथेंच लावूं. जगांत पालींच्या दीड हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. त्यांपैकीं एकहि विषारी नाहीं. मात्र पाल पडलेलें दूध ओतून टाकावें हें योग्यच. कारण पालीच्या विष्ठेंत साल्मोनेला नांवाचे जंतु असूं शकतात आणि त्यांच्यामुळें जुलाब-उलट्या होतात. म्हणजे आपल्या आज्यांनीं दूध ओतलें तें ठीकच केलें. कारण तेवढें निराळें होतें. यावर उपाय भांड्यावर झांकण ठेवणें हा आहे. केरसुणीनें पाल मारल्यानें दूध शुद्ध होत नाहीं, आणि तिनें रोज फस्त केलेलीं चिलटें व झुरळांचीं पिलें तेवढीं घरांत वाढतात.

आतां दुसरा साक्षीदार, म्हणजे दिवा. बंधूंच्या ओसरीवरची पाल धष्टपुष्ट आणि पिंवळट होती. तिची एक चुलत बहीण आहे. शास्त्रांत तिला 'हेमिडॅक्टिलस फ्रेनाटस' म्हणतात. आपण तिला नुसतें घरपाल म्हणूं. मुंबईस आणि कोंकणांत रात्रीं भिंतीवरून जो 'चक् चक् चक्' असा स्पष्ट आवाज येतो, तो बहुधा हिचाच. मनांत शंकेची पाल चुकचुकते असें आपण म्हणतों, त्यांतली पाल ती हीच म्हणावयास हरकत नाहीं. दक्षिण व आग्नेय आशिया हें तिचें माहेर. पण आज उष्ण प्रदेशांतील बहुतेक सर्व बंदरांत ती सांपडते. तिला एवढ्या लांबच्या प्रवासास योग्य बनविलें तें तिच्या अंड्यांनीं. सापांचीं व पुष्कळ सरड्यांचीं अंडीं मऊ चामड्यासारखीं असतात; घरपालीचीं मात्र चुन्याच्या कठीण कवचाचीं. एका खेपेस दोनच, पण फटींत ठेवलीं तर कोरड्या हवेंतहि टिकणारीं. शिवाय एकदां नराची भेट झाली म्हणजे मादी महिनोन्‌महिने फलित अंडीं घालूं शकते. लांकूड, पेट्या, पोतीं, जहाजांचीं कोठारें यांतून अशी एखादी मादी परक्या किनाऱ्यावर उतरली, तरी तेथें तिचा संसार थाटला जातो.

असा तिचा संसार पॅसिफिक महासागरांतील बेटांवर थाटला गेला, तेव्हां तेथें आधींपासून एक लहानशी पाल राहत होती. १८३६ सालीं द्युमेरिल व बिब्रों या फ्रेंच शास्त्रज्ञांनीं ताहिती बेटावरील नमुन्यावरून तिचें वर्णन केलें आणि तिला 'लुगुब्रिस', म्हणजे शोकाकुल, असें लॅटिन नांव दिलें. शेंपटासुद्धां ती फार तर बोटभर. रंग फिका तपकिरी, पाठीवर नागमोडी रेघा. नवल असें कीं, या जातींत जवळजवळ सगळ्या माद्याच असतात! नरावांचूनच ती दोन दोन अंडीं घालते, सालींत वा फटींत तीं पक्कीं चिकटवून टाकते, आणि त्यांतून निघणाऱ्या मुली आईच्या हुबेहूब प्रतिकृति असतात. दोन निराळ्या जातींच्या संकरांतून हा वंश उत्पन्न झाला, असें पुढें त्यांच्या आनुवंशिक द्रव्याच्या तपासणींत आढळून आलें. एकटी पाल ओंडक्यावरून वा होडींतून वाहत आली तरी बेट वसावें, असा हा प्रकार. आपल्या अंदमान-निकोबारांतहि ती आढळते. ती किडे खाते, आणि फुलांतील मधहि चाटते.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास आणि त्यानंतर जहाजांची व विमानांची ये-जा वाढली, तसतशी घरपाल या बेटांवर पसरली, आणि इमारतींच्या भिंतींवरून शोकाकुल पाल मागें हटूं लागली. याचें कारण केनेथ पेट्रेन, डग्लस बोल्गर व टेड केस यांनीं शोधून १९९३ सालीं प्रसिद्ध केलें. घरपाल अंगानें मोठी आणि चपळ. परंतु केवळ तेवढ्यानें ती जिंकत नाहीं. किडे इकडेतिकडे विखुरलेले असले म्हणजे दोघींचेंहि पोट भरतें. विजेच्या दिव्यानें मात्र सगळे किडे एका जागीं गोळा केले, कीं घरपाल ते भराभर उचलते. लहान पाल बिचकून दूर राहते, उपाशी पडते, आणि उपाशी मादीचीं अंडींहि कमी होतात. म्हणून रानांत व अंधारांत तिचा टिकाव लागतो आणि दिव्याखालीं लागत नाहीं. वाचकांनीं येथें क्षणभर थांबून पाहावें: घरपालीस एवढें बळ दिलें कोणीं? आपल्याच दिव्यानें.

पोपड्याची साक्ष ऐकावयाची तर आतां मॉरिशसला गेलें पाहिजे. हें बेट मराठी माणसास अगदींच परकें नाहीं. १८३४ नंतर मुदतबंदीच्या मजुरीवर जे हिंदी लोक तेथील उसाच्या मळ्यांत गेले, त्यांत मुंबई बंदरांतून गेलेलीं कोंकणांतील मराठी कुटुंबेंहि होतीं, आणि त्यांचे वंशज आजहि तेथें गणेशोत्सव करितात. आपल्या बुलढाणा जिल्ह्याच्या सुमारें पंचमांशाएवढेंच तें बेट. पण लक्षावधि वर्षें एकांतांत राहिल्यानें तेथील प्राणिसृष्टि जगाहून न्यारी झाली. सतराव्या शतकांत नामशेष झालेला डोडो पक्षी तेथलाच. पालींचेंहि तसेंच. तेथील कांहीं पाली भरदिवसां हिंडतात, पाचूसारख्या हिरव्या असतात आणि फुलांतील मध पितात. बूकल दोरें या नांवानें ओळखलें जाणारें एक तांबडें फूल १९९२ पासून मॉरिशसचें राष्ट्रीय पुष्प आहे. त्याच्या कुळांतील कांहीं फुलांचा मध रंगीत असतो. आणि तेथील दिवसा हिंडणाऱ्या पाली साध्या मधापेक्षां रंगीत मध पसंत करितात, असें प्रयोगानें दिसून आलें आहे. रुसिया नांवाच्या दुसऱ्या एका दुर्मिळ वेलीचे तर पराग वाहून नेणें आणि बी पसरविणें, हीं दोन्ही कामें एकच निळी-हिरवी पाल करिते. आपण जिला झाडूनें हांकतों, तिच्याच गोतावळ्यावर त्या वेलीची पुढची पिढी अवलंबून आहे.

याच मॉरिशसवर एके काळीं रात्रीं हिंडणाऱ्या लहान पालीहि होत्या. त्यांच्या गणाचें नांव 'नॅक्टस'. मुख्य बेटावर आज त्यांचीं केवळ जुनीं हाडें सांपडतात. जिवंत उरल्या त्या किनाऱ्यापलीकडच्या लहान लहान बेटांवरच. त्यांतलें एक बेट मॉरिशसच्या उत्तरेस आहे, त्याचें नांव क्वां द मीर. पूर्वीं तोफेचा नेम धरतांना तिच्या खालीं जी लांकडी पाचर सरकवीत, तिला फ्रेंचांत हें नांव होतें. आणि तें बेट समुद्रांत रोंवलेल्या पाचरीसारखेंच दिसतें. तेथील चिमुकल्या निशाचर पालीची नोंद शास्त्रांत झाली ती १९८५ सालीं. करंगळीएवढी, मातकट रंगाची, दिवसा दगडाखालीं लपून राहणारी ही पाल. जगांत तिचें मूळ घर एवढें एकच. तिच्या पायांस आपल्या पालीसारख्या गाद्या नाहींत, नुसतीं नखें आहेत.

या बेटांवर उंदीर आले, मांजरें आलीं, आणि आपली घरपालहि आली. निकोलस कोल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००५ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असें दिसून आलें कीं, घरपाल या लहान पालींस लपण्याच्या जागांतून हुसकून लावते, आणि संधि मिळाली तर गिळूनहि टाकते. मग क्वां द मीरवर ही लहान पाल उरली कशी? तर बेटाच्या कांहीं भागांतील दगड ठिसूळ आहे, हात लावला तर त्याचा भुगा होतो. अशा दगडावर गादीच्या पायांची पकड धड बसत नाहीं. घरपाल तेथें अडखळते, आणि नखांची चिमुकली पाल सुखानें चालते. जेथें दगड पक्का, तेथें घरपालीचें राज्य. जेथें तो झडतो, तेथें हिचें. दुसरबीडच्या ओसरीवर ज्या गोष्टीनें पाल खालीं पडली, त्याच गोष्टीनें समुद्रापलीकडे एका लहान जिवाचा वंश राखला आहे!

हें ऐकून मातोश्री थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे खरी पाल पडली ती त्या बेटावर."

आम्हांस याहून चांगलें वाक्य सुचलें नसतें. पल्लीपतनाचें खरें कोष्टक मांडावयाचें झालें तर तें असेंच मांडावें लागेल. आपल्या खांद्यावर पाल पडल्यानें कोणाचें राज्य गेलें नाहीं कीं कोणास राज्य मिळालें नाहीं. परंतु आपल्या जहाजांतून पाल एखाद्या बेटावर पडली, म्हणजे तेथील एका जातीवर खरोखरच संकट येतें. आणि त्यांत दोष पालीचा नसतो; तिला उचलून नेणारे आपण असतों. त्यावरचें शांतिकर्महि माणसासच करावें लागतें. क्वां द मीर बेटावरील उंदरांचें १९९५ सालीं निर्मूलन करण्यांत आलें, तें याच जातीचें.

बेट म्हणजे समुद्रानेंच वेढलेलें असलें पाहिजे, असेंहि नाहीं. साताऱ्याजवळ चाळकेवाडीचें पठार आहे; भोंवतालच्या दऱ्यांनीं तें वेगळें पडलें आहे. तेथें दगडांखालीं राहणारी, भिंतीवर न चढतां जमिनीवरच हिंडणारी एक लहान पाल वरद गिरी व एरन बॉवर यांनीं २००८ सालीं शास्त्रास नवी म्हणून नोंदविली आणि तिला साताऱ्याचेंच नांव दिलें. त्या पठारावर आज पवनचक्क्या फिरत आहेत. तेथें सहलीस जाणाऱ्या वाचकांनीं मुलांस एवढेंच सांगावें, कीं कुतूहलानें दगड उलटलाच, तर पाहून झाल्यावर तो होता तसा अलगद ठेवावा. त्याच्या खालीं एखाद्याचें सारें घर असतें.

आतां आमच्या पुतणीविषयीं वाचकांस उत्सुकता असेल. तिनें आजीच्या शब्दाबाहेर न जातां आंघोळ केली आणि देवापुढें दिवाहि लावला. त्यांत तिचें कांहीं बिघडलें नाहीं, आणि मातोश्रींच्या मनास स्वस्थता लाभली. पहाटे मातोश्रींनींच तिच्या हातावर दहीं घातलें आणि तिला एस. टी. पर्यंत पोंचविण्यास आम्हांस पिटाळलें. निकाल अद्याप लागावयाचा आहे. तो कसाहि लागला तरी तिच्या अभ्यासाचा असेल, उजव्या खांद्याचा नसेल.

बंधूंनीं दिवाळीपूर्वीं ओसरीला चुना देण्याचें कबूल केलें आहे. आम्ही निघण्याच्या आदल्या रात्रीं जेवणें उरकलीं, झांकपाक झाली, तरी दारावरचा दिवा तसाच जळत होता. मातोश्री उठल्या, वर पाहिलें, आणि म्हणाल्या, "जेवली असेल ती आतां." एवढें म्हणून त्यांनीं बटण दाबलें. अंधारांत पतंग पांगले, आणि थोड्याच वेळानें भिंतीवर कोठेंतरी पाल चुकचुकली. मातोश्रींनीं संवयीनें बोटानें जमिनीवर टकटक केलें आणि 'कृष्ण कृष्ण' म्हटलें. पण त्यांत भय नव्हतें.